दिसणारे ठिगळ

१

१७ ऑगस्ट २०१९ रोजी वेबमिन ही संगणकप्रणाली सांभाळणाऱ्या मंडळींना एक निरोप मिळाला. त्यांच्या प्रणालीत एक गंभीर भगदाड आहे आणि ते जगजाहीर झाले आहे, असा तो निरोप होता. आठवडाभर आधी, १० ऑगस्टला, अमेरिकेत भरणाऱ्या डेफकॉन या संगणक-सुरक्षातज्ज्ञांच्या मेळाव्यात एका तुर्की संशोधकाने ते भगदाड सर्वांसमोर दाखवले होते. वेबमिनच्या कर्त्यांना त्याची आगाऊ कल्पना नव्हती.

वेबमिन म्हणजे काय, ते आधी सांगायला हवे. आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा कुठल्या तरी दूरच्या संगणकावरचा 'वेबसर्व्हर' नावाचा प्रोग्रॅम आपल्याला ते पान पाठवतो. हा सर्व्हर कसा वागेल, कोणती पाने कुणाला देईल, कुणाला अडवेल, हे सगळे साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये लिहून ठेवलेले असते. त्या फाइलींत एक कंस चुकला तरी सर्व्हर सुरूच होत नाही. हा कारभार ब्राउझरमधून, रकाने भरून आणि बटणे दाबून करता यावा यासाठी जेमी कॅमेरॉन यांनी १९९७ मध्ये वेबमिन लिहिले. ते मुक्तस्रोत आहे. म्हणजे त्याची मूळ संहिता, ज्याला सोर्स कोड म्हणतात, कुणालाही वाचता येते, बदलता येते आणि सुधारणा सुचवून परत पाठवता येते.

दोष सापडणे ही या व्यवसायात रोजची गोष्ट आहे. सुरुवातीला हाही तसाच एक प्रामाणिक प्रमाद असावा, असे वाटले. मग मूळ संहिता उघडून पाहिली तेव्हा एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. दोष ज्या ओळीत होता ती ओळ मूळ संहितेत नव्हतीच. लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रतींमध्ये मात्र ती होती. ती कुणी पाठवलेली नव्हती, कुणी तपासलेली नव्हती, कुणी मंजूर केलेली नव्हती.

ही ओळ आली कुठून, हे पुढे पाहू. पण ती न दिसता येणे एवढे भयंकर का ठरले, हे समजायचे तर दिसणाऱ्या ओळींचा, म्हणजे 'पॅच'चा, इतिहास पाहावा लागतो.

२

पॅच म्हणजे ठिगळ. संगणकाच्या जगात हा शब्द सुरुवातीला अगदी शब्दशः वापरला गेला. हार्वर्ड मार्क १ हा १९४४ मधला अवाढव्य संगणक कागदी फितीवर पाडलेल्या छिद्रांमधून आज्ञा वाचत असे. छिद्र चुकीच्या जागी पडले तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवत. अशी ठिगळे लावलेली त्याची फीत आजही पाहायला मिळते. कुठे दुरुस्ती झाली, ते बोटांना लागते.

पुढे आज्ञा फितीवरून मजकुराच्या फाइलींत गेल्या. त्याबरोबर ठिगळ दिसेनासे झाले. दोन फाइली शेजारी ठेवल्या तर दोन्ही सारख्याच गुळगुळीत. फरक कुठे आहे, हे ओळ न् ओळ ताडून पाहणे हाच उपाय उरला.

मराठी वाचकाला ही अडचण नवी नाही. पैठणच्या एकनाथांपुढे ती शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये होती. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत तीनशे वर्षांत पाठभेद शिरले होते. नाथांनी ग्रंथ शुद्ध केला आणि शेवटी नोंद करून ठेवली: कोणी केले, कधी केले, का केले. यापुढे कोणी त्यात आपली ओवी घुसडू नये, हेही बजावले. मात्र एक नोंद राहिली. नेमके काय बदलले, याची यादी नाथांनी दिलेली नाही. त्यामुळे एकनाथपूर्व ज्ञानेश्वरी कशी होती, हा प्रश्न अभ्यासकांना सतावत राहिला. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये अशी एक प्रत म्हणून छापली, तेव्हा तिच्या अस्सलपणावरून वाद झालाच. पुढे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती याच पाठभेदांची शिस्तशीर नोंद करत. वर एका श्लोकाचा पाठ, खाली प्रत्येक पोथीतला फरक, असे तक्ते विद्वानांनी हाताने भरले.

हे ताडून पाहण्याचे काम यंत्राकडे सोपवणारा प्रोग्रॅम १९७४ मध्ये अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये तयार झाला. डग्लस मॅकिलरॉय यांनी लिहिलेल्या या प्रोग्रॅमचे नाव 'डिफ'. दोन फाइली दिल्या की त्यांच्यातले फरक तेवढे तो दाखवतो. त्यामागचे गणित मॅकिलरॉय आणि जेम्स हंट यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. मधेच एक ओळ वाढली तर तिच्यापुढच्या सगळ्याच ओळी खाली सरकतात. त्या सगळ्या बदलल्या, असे समजून चालत नाही. म्हणून दोन्ही फाइलींत त्याच क्रमाने येणाऱ्या जास्तीत जास्त सामाईक ओळी आधी शोधायच्या आणि उरले ते फरक, अशी ती युक्ती होती.

फरक कळला. पण तो दुसऱ्याच्या फाइलीत लावायचा कसा? हे काम १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी सोपे केले. त्यांच्या प्रोग्रॅमचे नावच 'पॅच'. डिफने काढलेली फरकांची यादी त्याला दिली की तो त्या दुरुस्त्या मूळ फाइलीत करून देतो. त्याची खुबी अशी की तो नुसत्या ओळींच्या क्रमांकावर विसंबत नाही. बदललेल्या ओळीच्या आगेमागे कोणत्या ओळी होत्या, तो संदर्भ पाहून तो जागा शोधतो. त्यामुळे तुमची फाइल माझ्या फाइलीहून थोडी वेगळी असली, ओळी दहा-वीस जागा सरकलेल्या असल्या, तरी ठिगळ योग्य जागी बसते. जागा सापडली नाही तर तो तसे सांगतो आणि दुरुस्ती बाजूला ठेवतो.

वॉल यांचे शिक्षण भाषाशास्त्राचे होते. शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दांवरून ठरवावा तशी ओळीची जागा शेजारच्या ओळींवरून ठरवण्याची कल्पना त्यांना सुचली, यात नवल वाटू नये. दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, त्यांनी पर्ल ही संगणकभाषा जाहीर केली. वेबमिन याच पर्लमध्ये लिहिले गेले आहे.

या दोन प्रोग्रॅमांनी परिणाम साधला तो असा. हजारो ओळींचा ग्रंथ पाठवण्याऐवजी बदललेल्या चार ओळी पाठवता येऊ लागल्या. काढलेल्या ओळीपुढे वजा, घातलेल्या ओळीपुढे अधिक, आणि वरखाली थोडा संदर्भ. वाचणाऱ्याला एका नजरेत कळते, काय होते आणि काय झाले. मार्क १ च्या फितीवरचे ठिगळ पुन्हा दिसू लागले.

३

दिसणाऱ्या ठिगळांतून केवढे काम उभे राहू शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण वेबसर्व्हरचेच आहे.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात रॉब मॅकूल यांनी एचटीटीपीडी नावाचा वेबसर्व्हर लिहिला होता. १९९४ च्या मध्याला मॅकूल तिथून बाहेर पडले आणि काम थंडावले. सर्व्हर मात्र जगभर चालू होता आणि त्यातले दोषही चालू होते. ठिकठिकाणच्या वेबमास्तरांनी आपापल्या प्रतीत आपापली दुरुस्ती केली. एकाच ग्रंथाच्या गावोगाव वेगळ्या पोथ्या व्हाव्यात तसे झाले.

त्यातल्या काही जणांनी ठरवले की दुरुस्त्या एकत्र करायच्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटवायर्डमध्ये काम करणारे ब्रायन बेलेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने पत्रव्यवहाराची ईमेल यादी आणि सामाईक संगणक यांची सोय झाली. फेब्रुवारी १९९५ अखेर आठ जणांचा गट जमला. एनसीएसएच्या १.३ या आवृत्तीचा पाया धरून, तोपर्यंत प्रसिद्ध झालेल्या दुरुस्त्या एकेक लावून आणि तपासून त्यांनी एप्रिल १९९५ मध्ये पहिली जाहीर आवृत्ती काढली. तिचे नाव अपाचे. हे नाव मूळ अमेरिकी अपाचे जमातीविषयीच्या आदरातून घेतले, असे सांगितले जाते. 'अ पॅची सर्व्हर', म्हणजे ठिगळांचा सर्व्हर, हा श्लेषही तितकाच प्रसिद्ध झाला.

ठिगळांवर ठिगळे किती लावायची, यालाही मर्यादा असते. आतली मांडणी मुळातून बदलायला हवी, हे गटाला दिसत होते. रॉबर्ट थाऊ यांनी सुट्या भागांची नवी रचना तयार केली आणि त्या उन्हाळ्यात अपाचे तिच्यावर गेले. १ डिसेंबर १९९५ रोजी अपाचेची १.० ही आवृत्ती आली. एप्रिल १९९६ पर्यंत, नेटक्राफ्टच्या पाहणीनुसार, तो जगातला सर्वाधिक वापरला जाणारा वेबसर्व्हर झाला होता.

या आठ जणांमागे कंपनी नव्हती, वरिष्ठ नव्हता. मग कुणाची दुरुस्ती घ्यायची, हे कोण ठरवणार? त्यांनी मतदानाची एक साधी रीत घातली, ती आजही अपाचेच्या प्रकल्पांत ओळखीची आहे. अनुकूल असेल त्याने 'अधिक एक' लिहायचे, प्रतिकूल असेल त्याने 'वजा एक'. संहितेतला बदल मतास पडला तर तीन अनुकूल मते हवीत आणि विरोध एकही नको. एकटा माणूस बदल रोखू शकतो. पण रोखणाऱ्याने तांत्रिक कारण दिले पाहिजे. कारणाशिवाय दिलेला नकार बाद. आपल्याकडच्या किती समित्यांत अशी अट आहे, हे वाचकांनी आठवून पाहावे.

४

वेबमिनचा जन्म या वातावरणातला. अपाचेसारख्या सर्व्हरांचा कारभार सोपा करायचा, तर त्यांच्या मांडणीच्या फाइलींना हात लावावा लागणार. इथे कॅमेरॉन यांनी घेतलेला निर्णय महत्त्वाचा आहे. वेबमिन आपली वेगळी वही ठेवत नाही. ते मूळ फाइलच वाचते, हवी ती ओळ बदलते आणि बाकीचा मजकूर, माणसाने लिहून ठेवलेल्या टिपांसकट, होता तसा राहू देते. आज वेबमिनमधून बदल करावा, उद्या हाताने करावा, दोघांचे भांडण होत नाही. पॅचमागचा विवेकही हाच आहे: लागेल तेवढेच बदलावे.

अशा साधनाला पॅच पाठवणे म्हणजे प्रत्यक्षात काय असते? समजा, डेबियन लिनक्स वापरणाऱ्या एखाद्या प्रशासकाला दिसले की वेबमिनमधून अपाचेची नवी साइट जोडली की एक ओळ चुकते. तो संहिता उघडतो, चूक शोधतो, तीन ओळी बदलतो. त्याच्याकडे आता सगळे ठीक चालते. पण डेबियनमध्ये अपाचेच्या फाइली एका नावाच्या फोल्डरात असतात, रेड हॅटमध्ये दुसऱ्याच. डेबियन त्या अनेक तुकड्यांत वाटते, दुसरीकडे बरेच काही एका फाइलीत असते. वेबमिन या सगळ्यांवर चालते. म्हणजे त्याच्याकडे बरोबर असलेल्या तीन ओळी दुसऱ्या कुणाकडे सर्व्हर बंद पाडू शकतात. संहितेचा सांभाळ करणाऱ्याला, ज्याला मेंटेनर म्हणतात, याचाच विचार करावा लागतो.

म्हणून या व्यवहारात काही शिष्टाचार रुजले आहेत. एका पॅचमध्ये एकच दुरुस्ती असावी. जाता जाता इतरांच्या ओळी नीटनेटक्या करण्याचा मोह टाळावा, कारण त्या गर्दीत खरा बदल हरवतो. काय बदलले ते पॅच सांगतोच. का बदलले ते माणसाने लिहावे. आणि वाट पाहावी. पॅच परत येतो, त्यावर शंका येतात, कधी नाकारलाही जातो. सगळेच पॅच प्रोग्रॅमच्या ओळींचे असतात, असेही नाही. वेबमिनच्या पडद्यावर दिसणारे शब्द वेगळ्या भाषा-फाइलींत ठेवलेले असतात. त्यामुळे पर्लचे अक्षर न येणारा माणूसही आपल्या भाषेतले शब्द भरून पाठवू शकतो.

एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. वेबमिन संगणकाच्या सर्वोच्च अधिकाराने चालते. त्याशिवाय कारभार हाकताच येणार नाही. त्यामुळे वेबमिनमधली चूक म्हणजे घराच्या दारातली फट नव्हे, किल्ल्यांच्या जुडग्यातली फट आहे.

५

आता २०१९ च्या त्या ओळीकडे परत येऊ.

चौकशीनंतर वेबमिनच्या कर्त्यांनी घडले ते जाहीर केले. मूळ संहिता गिटहबवर होती आणि ती शुद्ध होती. पण लोकांना उतरवून घेण्यासाठी जी प्रत बांधली जाई ती एका वेगळ्या संगणकावर, तिथल्या फोल्डरातून. एप्रिल २०१८ मध्ये त्या संगणकात कुणीतरी शिरले आणि पासवर्ड बदलण्याच्या फाइलीत चोरवाट ठेवून गेले. फाइलीवरची बदलाची वेळ त्याने मागे सरकवली होती. त्यामुळे बदल झाला असल्याचे फरकांच्या यादीत दिसले नाही. ती फाइल १.८९० या आवृत्तीतून लोकांपर्यंत गेली.

पुढे फाइल मूळ संहितेप्रमाणे पूर्ववत झाली. जुलै २०१८ मध्ये घुसखोराने ती पुन्हा बदलली, या वेळी जास्त सावधपणे: मुदत संपलेला पासवर्ड बदलण्याची सोय चालू असेल तरच चोरवाट उघडावी, अशी. त्याच वर्षी १० सप्टेंबरला तो संगणक मोडीत काढून नवा घेतला गेला. पण कामाचा फोल्डर जुन्या संगणकाच्या बॅकअपमधून नव्यावर आणला. घर बदलले, आणि चोर सामानाबरोबर नव्या घरात आला. जवळजवळ वर्षभर तो तिथे होता.

निरोप मिळताच चोरवाट काढून १.९३० ही आवृत्ती देण्यात आली. त्यानंतर तीन कामे जाहीर झाली. यापुढे प्रत बांधताना फक्त गिटहबवरची, नोंद झालेली संहिता वापरायची. जुन्या संगणकावरून पोचता येईल असे सगळे पासवर्ड आणि किल्ल्या बदलायच्या. मागच्या वर्षभरात संहितेत झालेला प्रत्येक बदल पुन्हा वाचायचा.

यातले तिसरे काम मला सर्वांत बोलके वाटते. दोष संहितेत नव्हता, तरी त्यांनी संहिता पुन्हा वाचायला घेतली. एकदा विश्वासाला तडा गेला की वाचण्याखेरीज तो सांधता येत नाही.

६

'अनेक डोळे पाहत असल्याने मुक्तस्रोत सुरक्षित असते' असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. संहिता वाचता येणे आणि ती कुणीतरी वाचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ओपनएसएसएल ही संहिता अपाचेसह अनेक वेबसर्व्हरांना गुप्त संवादाची सोय पुरवते. २०११ च्या अखेरीस तिच्यात एक पॅच रीतसर आला, तपासला गेला, स्वीकारला गेला. पाठवणाऱ्याचा हेतू स्वच्छ होता. फक्त एके ठिकाणी, समोरच्याने सांगितलेली लांबी खरी आहे का, हे पाहायचे राहिले. पाठवणाऱ्याला दिसले नाही, तपासणाऱ्यालाही नाही. 'हार्टब्लीड' या नावाने ती चूक ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाली, तोवर दोन वर्षे ती जगभरच्या सर्व्हरांवर होती. तेव्हा कळले की जगाचे बँकव्यवहार जिच्यावर चालतात त्या संहितेच्या प्रकल्पाला वर्षाला देणगी मिळे सुमारे २००० डॉलर.

दुसरे उदाहरण २०२४ मधले, एक्सझेड या फाइली दाबून लहान करण्याच्या साधनाचे. ते एक माणूस फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत होता. तो थकला होता आणि तसे त्याने सांगितलेही होते. काही अनोळखी नावे त्याला कामाच्या संथपणाबद्दल टोचत राहिली. त्याच सुमारास दुसरे एक नाव पॅचमागून पॅच पाठवून मदत करत होते. विश्वास बसला, अधिकार मिळाले. मग त्या मदतनिसाने चोरवाट ठेवली. तीही कशी? तिचा काही भाग चाचणीच्या फाइलींत दडवलेला होता. पण तिला जागे करणारी ओळ वाटलेल्या प्रतीत होती, सर्वांना दिसणाऱ्या संहितेत नव्हती. वेबमिनमध्ये घडले होते तेच. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे खटकले. त्याने पाठपुरावा केला आणि २९ मार्च २०२४ रोजी ते जाहीर केले. तो अर्धा सेकंद त्याने सोडून दिला असता, तर ती चोरवाट जगभर पसरली असती.

या तीन घटना एकत्र ठेवल्या की दिसते ते असे. हार्टब्लीडचे ठिगळ सर्वांसमोर होते. म्हणून ते कधी आले, कुणी तपासले, कुठे चुकले हे कळू शकले आणि चूक चूक म्हणून स्वीकारता आली. वेबमिन आणि एक्सझेड या दोहोंत घाव बसला तो संहिता आणि प्रत यांच्या मधल्या जागेत, जिथे डिफ कुणी चालवला नव्हता. भांडारकर मंदिरातल्या विद्वानांना हे कुणी सांगावे लागले नसते. पोथी हाती आली की तिच्यावर काय लिहिले आहे एवढेच न विचारता ती कुणी, कुठून, कशावरून उतरवली, हे ते आधी विचारत. आज संगणकशास्त्रात तीच मागणी होते आहे: त्याच संहितेपासून कुणीही प्रत बांधली तर ती अक्षर न् अक्षर तशीच यावी, म्हणजे दोन्ही ताडून पाहता येतील.

पण ताडून पाहणारे यंत्र असले तरी त्याने दाखवलेला फरक वाचायला माणूस लागतो. पॅच लिहिणाऱ्याचे नाव नोंदीत राहते. तो पॅच रात्री जागून वाचणाऱ्याचे, 'ही ओळ इथे का?' असे विचारणाऱ्याचे काम मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. त्याने वेळेवर विचारलेला प्रश्न म्हणजे न घडलेला अपघात, आणि न घडलेल्या अपघातांचा इतिहास लिहिला जात नाही.

नाथांनी ग्रंथाच्या शेवटी कोण, कधी, का, एवढे लिहून ठेवले. 'काय' तेवढे राहून गेले, आणि आपण अजून ते शोधतो आहोत. डिफ आणि पॅच यांनी ती चौथी नोंद ठेवण्याची सोय केली, त्यालाही आता काही दशके झाली. ती नोंद उघडून वाचायला कुणीतरी बसलेले असावे, एवढेच अजूनही आपल्याला पाहावे लागते.